चपला राखायला काकू

अन्याय झाला तो महानंदाकाकूंवर. राहणार उदगीर. वय पंचावन्नच्या आसपास. नक्की त्यांनाही माहीत नाही, शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजे टाकलं होतं. वेळ: येळवशीनंतरच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येनंतरच्या बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटं. स्थळ: गोकर्णापासून रिक्षानं थोडं पुढं, समुद्रकाठचं एक बारकं गाव. साक्षीदार: मी, फरजाना, वाळूत उभ्या रोवलेल्या रंगीत फळ्या आणि एक तांबडं कुत्रं. कुत्र्याचं पुढं येईल.

घडलं असं. लाटेवर फळी चालवायला शिकवणारा मंजू आम्हाला बोटानं मोजत होता. "एक, दो, तीन." बोट काकूंपाशी आलं आणि खाली गेलं. "आंटी इधर बैठेगा. बैग, चप्पल देखेगा."

यावर मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंची सख्खी पुतणी शिवलीला म्हणाली, "हां हां, वो तो सोबत आयी है."

सोबत! जाहीर निषेध मी तिथंच करणार होते. केलाही. पण त्याचा काय उपयोग झाला ते सांगण्याआधी आम्ही मराठवाड्यातल्या चार बाया त्या वाळूत पोचलोच कशा, ते सांगायला पाहिजे.

उदगीर: परवानगी

शिवलीला, फरजाना आणि मी लातूरला शिकायला होतो तेव्हा एका खोलीत राहायचो. आता शिवलीला उदगीरला घरच्या भुसार दुकानाचा संगणक सांभाळते, फरजाना नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे आणि मी लातुरातच पत्रकं लिहिते. म्हणजे पोटासाठी दुसरं काम करते, पण लोक मला ओळखतात ते पत्रकांमुळं. बसस्टँडवर बायकांच्या मुतारीला कुलूप का, या विषयावरची माझी पत्रकं त्याच कुलपाला अडकवलेली असायची. कुलूप निघालं. आता दार निघालंय. त्यावर नवीन पत्रक चालू आहे.

तर फरजानानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. समुद्रात पोरी लांब फळीवर पालथ्या पडतात, मागून लाट आली की टुणकन उभ्या राहतात आणि लाट त्यांना काठापर्यंत आणून सोडते. खाली तिनं लिहिलं होतं, "अपन कू बी ये करना है." आमच्यापैकी एकीलाही पोहता येत नव्हतं. लातूरच्या पोरींनी पोहायला शिकावं तरी कशात? टँकरमध्ये?

मग घरी थापा मारायचं ठरलं. फरजानानं ट्रेनिंग सांगितलं. मी शिबिर सांगितलं. आईनं कसलं शिबिर तेही विचारलं नाही. खरी अडचण शिवलीलाची. तिचे वडील, म्हणजे सगळ्या घराचे अप्पा, पोरीला मैत्रिणींबरोबर समुद्रावर सोडणाऱ्यांतले नव्हेत. पण गोकर्णाला महाबळेश्वराचं आत्मलिंग आहे, हे शिवलीलाला ऐन वेळेला आठवलं. "गोकर्णाला दर्शनाला जाते" म्हटल्यावर अप्पांनी हातातलं वजन तराजूतच ठेवलं आणि हात जोडले. निकाल मात्र जेवण झाल्यावर दिला.

"जा की. शंकराच्या कामाला मी कशाला न्हाई म्हनू? पर एकट्या पोरी न्हाई. काकूला सोबत न्या."

आम्ही तिघींनी फोनवरच सुतक पाळलं. मौज मेली, आता चार दिवस अभिषेक, असं फरजाना म्हणाली. काकू म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावाची बायको. घरात कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं ऑपरेशन असो, कुणाची परीक्षा दुसऱ्या गावाला असो, पिशवी भरायची ती काकूंनी. निघायच्या दिवशी त्या बसस्टँडवर आल्या त्या हिरवं इरकल नेसून. हातात पिशवी. पिशवीत धपाटे, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि तूप. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

सोलापूर, हुबळी, घाट. प्रवासाचं वर्णन करत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं आणि माझ्या खांद्यावर पूर्ण वेळ काकूंचं डोकं होतं.

पहिला दिवस: पाणी जात नाही

आम्ही उतरलो ते खोली भाड्यानं देणाऱ्या सावित्रीअक्कांच्या घरात. कौलारू घर, पुढं नारळ, मागं समुद्राचा आवाज. शिवलीलानं वाटेत छाती फुगवून सांगितलं होतं, "भाषेचं टेन्शन घेऊ नका, माझं कन्नड पक्कं हाय." उदगीरच्या बाजारात निम्मा व्यवहार कन्नडमध्ये होतो हे खरं. पण तिनं दारातच जे पहिलं वाक्य टाकलं, ते ऐकून अक्का खांबाला धरून हसल्या. मग हिंदीत म्हणाल्या, "तुम्हारे जैसा कन्नड हमारे टीवी पे कॉमेडी में आता है." शिवलीला त्यानंतर तिथं हिंदीच बोलली.

मंगळवारी पहाटे मोरीतला नळ फुसफुसला. आधी हवा, मग फस्स, मग धार. हा आवाज लातूरच्या माणसाच्या हाडात असतो. काकू अंथरुणातूनच ओरडल्या, "पाणी आलंय!" पुढचं आम्हाला शुद्धीत केल्यासारखं आठवत नाही. फरजानानं बादल्या लावल्या, मी टब लावला, शिवलीलानं अक्कांच्या स्वयंपाकघरातली पातेली आणली, काकूंनी जग, थर्मास, फुलदाणी आणि भिंतीवर टांगलेली शोभेची तांब्याची घागर भरली. अर्ध्या तासात त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

अक्का चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. "पूजा है क्या?"

"पाणी भरलं," काकू म्हणाल्या. "आता जाईल ना."

"कहाँ जाएगा?"

"म्हंजे नळ जाईल."

अक्कांना कळेना. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं आणि मग लहान पोराला समजावतात तसं सांगितलं, "इधर पानी जाता नहीं."

आम्ही चौघी त्या वाक्याकडं बघत राहिलो. पाणी जात नाही! हे वाक्य मी माझ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला ते पत्रकावर मोठ्या अक्षरात छापावंसं वाटलं. फरजाना म्हणाली, "बोले तो, ये लोगां नींद पूरी करते!" पण भरलेलं पाणी ओतून द्यायला काकूंनी साफ नकार दिला. चारही दिवस नळाला धो धो धार असताना आम्ही पातेल्यातल्या शिळ्या पाण्यानं आंघोळी केल्या. आणि फुलदाणीतल्या पाण्यानं तोंड धुतलं.

मग समुद्र. नारळांच्या पलीकडं गेलो आणि एकदम सगळं उघडं झालं. काकूंनी पदर डोक्यावर घेतला.

"एवढं पाणी उघड्यावर ठिवलंय?"

"हो काकू."

त्या खाली वाकल्या, ओंजळीत घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकलं. "बघा. एवढं असून एका घागरीच्या कामाचं न्हाई." मग लगेच पुन्हा वाकल्या आणि पुन्हा ओंजळ भरली. ते माझ्या लक्षात राहिलं, पण अर्थ लागला नाही.

बुधवार: जाहीर निषेध

आता त्या सात-दहाकडं येऊ.

मंजू तिथलाच. उन्हानं केस तांबूस झालेला, बोलायला गोड. त्याला मी हिंदीतून पाच मुद्दे सांगितले. वयावरून भेदभाव, बाई म्हणून भेदभाव, साडी बघून भेदभाव, न विचारता कामाला लावणं आणि 'आंटी' म्हणणं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "मैडम, आंटी गिरेगा तो?"

"गिरेगा तो उठेगा!"

घोषणा चांगली होती. मागं उभ्या असलेल्या दोन गोऱ्या पोरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण काकूंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "प्रज्ञे, गप. पोरगं भ्यालं. जावा तुम्ही, मी बसते." आणि बसल्या. नारळाच्या सावलीत, पाय पसरून, मांडीवर आमच्या पिशव्या.

पुढचा तास आमच्या अब्रूचा नाही. फळी पायाला दोरीनं बांधलेली असते, त्यामुळं आपण पडलो की ती पळून जात नाही, परत येऊन टाळक्यात बसते. फरजाना प्रत्येक लाटेला "या अल्ला, नक्को, नक्को" म्हणायची आणि लाट ऐकायची नाही. शिवलीला फळीवर पालथी पडली ती उठलीच नाही. तिला तिथंच बरं वाटलं. मी उभी राहिले. अर्धा श्वास उभी राहिले, मूठ वर केली, आणि नाकातोंडात एवढं मीठ घेऊन बाहेर आले की दुपारपर्यंत मला भाजी अळणी लागत होती.

बाहेर येऊन बघते तर काकूंच्या भोवती चपलांचा बाजार. आधी आमच्या होत्या. मग दुसऱ्या गटातल्यांनी बघितलं, इथं चपला राखायची सोय दिसते. सगळ्यांनी ठेवल्या. मराठवाड्यातल्या कुठल्याही देवळाबाहेर कोपऱ्यात अशी एक बाई असते, तसं त्यांना इथं करून टाकलं होतं. एका गोऱ्या बाईनं जाताना काकूंना वाकून नमस्कार केला आणि हातात एक केळं ठेवलं.

माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झाला. 'केळं नको, हक्क हवा.'

काकूंनी केळं सोलून चार भाग केले. "गोड हाय," म्हणाल्या.

जेवायला अक्कांकडं उकड्या तांदळाचा जाडा लाल भात, कोकमाचं सार आणि सगळ्यात खोबरं. आपल्याकडं चमचा टाकला की शेंगदाण्याला लागतो, इथं खोबऱ्याला. फरजानाला वेगळ्या ताटात तळलेला बांगडा मिळाला आणि ती त्या ताटाशी एकटीच बोलत बसली. काकू धपाट्याला तूप लावत होत्या. मधेच म्हणाल्या, "खाली पाय टेकतेत का गं?"

"टेकतात काकू, कमरेएवढंच आहे."

"लाट वडती का ढकलती?"

"ढकलते आधी. मग ओढते."

"डोळ्यात गेलं तर चुरचुरतंय लई?"

फरजानानं बांगडा खाली ठेवला. "काकी, आपकू पानी में जाना है क्या?"

काकूंनी घास गिळला. "मला पवता येतंय."

 काकूंचं माहेर रेणापूरकडचं. शेतात मोठी विहीर होती. पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून भावानं ढकलून दिलं होतं. आठवडाभरात डबा सुटला. "पोरांच्या आधी उडी मारायची मी. आई वरून शिव्या द्यायची, मी बुडी मारून ऐकायचीच न्हाई." मग शहाण्या झाल्या, म्हणजे पाळी आली, तसं विहिरीवर जाणं बंद. मग लग्न. उदगीरला आल्यापासून अंगावर पाणी घेतलं ते तांब्यानं.

"अगं पर काकू," शिवलीला कासावीस झाली, "तू तर दर्शनाला आलीस. परवा देवळात जायचंय."

काकूंनी गळ्यातला दोरा वर ओढला. त्याला चांदीची बारकी डबी. त्यात त्यांचं इष्टलिंग, लहानपणापासून गळ्यात असलेलं. "माझा देव हा. रोज हातावर घेऊन पूजा करते. देव गळ्यात घालून मी त्याला बघायला एवढ्या लांब कामून येऊ?"

"मग आलीस कशाला?"

"तू कशाला आलीस?"

शिवलीलानं साराची वाटी तोंडाला लावली.

"अप्पांच्या कानात कुणी घातलं तुला वाटतंय?" काकू म्हणाल्या. "तू गोकर्ण म्हनलीस तवा मी आत भाकरी थापून राहिलते. गोकर्णाला समुद्र हाय हे मला म्हाईत न्हाई व्हय? अप्पांना म्हनलं, एकट्या पोरी कशा सोडता, मी जाते सोबतीला. समुद्र बगायचा म्हनले असते तर सोडलं असतं का? आयुष्यभर मला कुठं जायचं म्हनलं की दुसऱ्याचं काम लागतंय. कुणाचं तरी दुखलं पायजे, न्हाई तर कुणी तरी व्यालं पायजे."

खोलीत भरलेल्या पातेल्यांमध्ये आम्ही चार थापाड्या बसलो होतो, आणि सगळ्यात पक्की थाप आमच्या सोबतीची होती!

"चैतात सूनबाईचं बाळंतपण हाय," काकू पुढं म्हणाल्या. "मग नातू. मग मी हायच तिथं. पुढल्या साली हे गुडघे काय म्हनतील कुणाला ठावं. हा एवढाच आठवडा माझा हाय गं."

"आणि तुला काही झालं, तर अप्पांना मी काय सांगू?"

"सांग, काकूनं ऐकलं न्हाई. तेवढं एक तरी खरं हुईल."

गुरुवार: जागा मिळाल्यावर

मंजूनं साडीला नकार दिला. इथं मी त्याच्या बाजूनं आहे. लाटेत सहावारी सुटली आणि पायात गुंतली तर पोहणारी बाईसुद्धा जाईल. काकूंनी कासोटा घालते म्हटलं. तरी नाही. मी सहावा मुद्दा काढणार होते, पण फरजानानं पिशवीतून तिचा जादा पोशाख काढला. गळ्यापासून मनगट-घोट्यापर्यंत अंग झाकणारा, डोक्याला टोपी असलेला, निळा.

"काकी, ये पैनो. कुछ नै दिखता. मेरी अम्मी देखी तो वो बी पास करती."

काकूंनी कापड चिमटीत धरून ताणलं, सोडलं, वास घेतला. "टिकंल का गं?"

"हौ. आपसे ज्यादा टिकता."

त्या आडोशाला गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा शिवलीला एवढी हसली की खाली बसली. उदगीरच्या लिंगायत घरातली बाई नांदेडच्या फरजानाच्या पोशाखात, आत इष्टलिंग आणि वर टोपी, दोन्ही हात कमरेवर. "हस, हस. चपला तू राख," काकू म्हणाल्या आणि सरळ पाण्याकडं निघाल्या.

मंजू आडवा आला. आधी पोहून दाखवा, म्हणाला. काकू पोहल्या. विहिरीतलं पोहणं ते. मान ताठ वर, पाय धपाधपा, कोंबडी उडाल्यासारखं पाणी. पण बुडाल्या नाहीत. मंजूनं एवढंच बघितलं आणि सगळ्यात रुंद फळी काढली. स्वतः तिचं टोक धरून राहीन, या अटीवर.

पहिल्याच लाटेनं काकूंना पालथं केलं. आम्ही धावलो. त्या वर आल्या त्या लाल डोळ्यांनी, खोकत. "विहिरीचं पाणी बिचारं थांबायचं," म्हणाल्या. "ह्याला दम न्हाई." दुसऱ्या लाटेलाही तेच. तिसऱ्या वेळी बऱ्याच वेळानं वर आल्या आणि आधी गळ्याशी हात नेला. डबी होती. शिवलीला काठावरून "काकू, बास! ये बाहेर!" म्हणून रडवेली झाली होती. खरं सांगते, मलाही वाटलं की बास. माझ्या घोषणेत 'गिरेगा तो उठेगा' होतं, 'कितनी बार' नव्हतं.

काकूंनी ओठ पुसले. "हे पोरगं मला पापड पापड कामून करून राहिलंय?"

"पॅडल, काकू. हातानं पाणी मागं ढकला म्हणतोय."

"मग असं सांगावं की." आणि परत फळीवर.

पुढची लाट मोठी नव्हती, पण लांब होती. मंजू ओरडला, "पॅडल, पॅडल, पॅडल... आंटी, अप!" काकूंनी हात मारले, फळीनं वेग घेतला, मंजूनं टोक सोडलं. काकू गुडघ्यावर आल्या.  आता उभ्या राहणार! त्यांनी एक पाय पुढं घेतला, दुसरा पाय आणला आणि झकास मांडी घातली.

"आंटी, स्टैंड! स्टैंड अप!"

काकू मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पाटावर बसल्यासारख्या लाटेवरून आल्या. ताठ. इकडं तिकडं बघत. वाटेत एक गोरा पोरगा धडपडून पडला, त्याच्याकडं त्यांनी मान वळवून काळजीनं बघितलं. फळी वाळूला लागून थांबली तरी त्या बसूनच.

मंजू धापा टाकत मागून आला. "आंटी, खड़ा क्यों नहीं हुआ?"

"का रं बाबा? एसटीत जागा मिळाल्यावर कुणी उभं राहतंय का?"

फरजानानं त्याला हे हिंदीत करून सांगितलं. तरी त्याला कळेना, म्हणून काकूंनी मराठीतच पुन्हा सांगितलं, जरा सावकाश. "घरात दिवसभर उभीच असते मी, लेकरा. बसून जायला मिळालं तर बसूनच जाणार."

हे मात्र फरजानानं भाषांतर केलं नाही. मंजूला तसंच कळलं बहुतेक. त्यानं फळी वळवली आणि म्हणाला, "चलो आंटी. फिर से. बैठके."

त्या सकाळी काकू पुन्हा पुन्हा आल्या. बसूनच. आणि अशाच एका फेरीनंतर, त्या पाण्यातून बाहेर येत असताना शिवलीलाच्या हातातला फोन वाजला. अप्पांचा. व्हिडिओ कॉल. घाबरून तिचं बोट हिरव्या बटणावरच गेलं.

"कुठं हाव गं?" अप्पा पडद्यावर. मागं पोत्यांची थप्पी. "काकू कुठाय?"

लपायला जागा नव्हती. काकू निथळत फोनपुढं आल्या. "इथं हाय की. स्नान चाललंय."

अप्पांनी डोळे बारीक केले. "आन हा कसला पोशाख म्हनायचा?"

 मी मुद्दे शोधत होते, ते सापडेनात. फरजाना शांतपणे पुढं झाली. "अप्पा, यहाँ का तरीका है. समुद्रस्नान को पूरा बदन ढाकना पड़ता."

अप्पांचा चेहरा एकदम उजळला. "असंच पायजे! बघा, तिकडं रीत राखून हायेत लोक. आपल्याकडं लाजच न्हाई ऱ्हायली. काकू, किती डुबक्या झाल्या?"

"मोजल्या न्हाईत अप्पा."

"लई पुण्य लागंल."

"लागून राहिलंय," काकू म्हणाल्या. त्यांच्या नाकातून अजून पाणी येत होतं.

मागून ओली गोरी पोरं फळ्या घेऊन धावत गेली. "ते कोण?" अप्पांनी विचारलं. "भक्त," मी म्हणाले. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात लहान पत्रक.

फोन बंद झाला आणि आम्ही वाळूत लोळून हसलो. शिवलीला तर चपला-बिपला विसरून काकूंच्या गळ्यात पडली. आणि ते तांबडं कुत्रं दोन दिवस याच क्षणाची वाट बघत होतं. काकूंच्या पहाऱ्यात त्याला एक पट्टा चाटता आला नव्हता. आता त्यानं माझी डावी चप्पल उचलली आणि ते सुटलं. फरजाना मागं धावली, मंजू धावला. चप्पल गेली ती गेलीच.

काकूंनी पुतणीकडं बघितलं. "दिसलं का? राखणं सोपं वाटतंय तुमाला."

शुक्रवार आणि परत

शुक्रवारी आम्ही दर्शन घेतलं. काकूंनीच नेलं, घरी अंगारा आणि प्रसाद द्यायचा तर देवळात जाऊनच आणायचा, असं त्यांचं मत. तिथं पुरुषांना सदरा काढून आत जावं लागतं. फरजाना बाहेर नारळपाणी प्यायला थांबली होती; रांगेतल्या त्या सगळ्या पोटांचं मी तिला सांगितलं तेव्हा तिला बाहेर थांबल्याचा पश्चात्ताप झाला. काकूंनी हात जोडले, डोळे मिटले आणि पुटपुटल्या. काय म्हणालात, मी बाहेर विचारलं. "म्हनलं, तुझ्या नावावर आले, राग धरू नको."

निघताना अक्कांनी आमच्या पिशवीत कोकम भरलं आणि काकूंनी त्यांच्या डब्यात उरलेली शेंगाची चटणी. भरलेली पातेली आम्ही शेवटी नारळांना घातली. मंजू रिक्षापर्यंत आला आणि वाकून काकूंच्या पाया पडला. मी एका पायात चप्पल आणि एका पायात अक्कांच्या मोरीतली रबरी सपात घालून लातूरला आले, आणि अजून तीच घालते.

उदगीरला अप्पा बसस्टँडवर घ्यायला आले होते. अंगारा कपाळाला लावून घेतला, खडीसाखर तोंडात टाकली आणि काकूंच्या उन्हानं काळवंडलेल्या नाकाकडं बघून म्हणाले, "लई दमलीस जनू. झालं एकदाचं दर्शन."

"झालं. पर अप्पा, पुढल्या साली पुन्यांदा जायचं म्हनते."

"पुन्हा? आता कुणाला न्यायचंय?"

"कुणाला न्हाई. मला जायचंय."

 अप्पांची खडीसाखर एका गालातून दुसऱ्या गालात गेली. या वाक्यावर काय म्हणायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं; त्यांच्या घरात ते पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. शेवटी त्यांना जे विचारता आलं ते त्यांनी विचारलं, "मग सोबतीला कोन?"

काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि आमच्याकडं हात केला. "ह्या तिघी येतील की."

अप्पांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांनी वाकून पिशवी उचलली. उदगीरच्या त्या घरात पुरुषानं काकूंची पिशवी उचलल्याचं शिवलीलाला आठवत नाही, म्हणून हे इथं नोंदवून ठेवते.

आता तुमच्याकडं वळते. हे वाचून 'मस्त काकू हो' म्हणाल आणि पान उलटाल, ते चालणार नाही. तुमच्या घरातही एक बाई आहे. तुमच्या परीक्षेला, तुमच्या दवाखान्याला, तुमच्या सहलीला ती सोबत म्हणून आली आणि सावलीत तुमच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली. तिला पोहता येतं का, तुम्हाला माहीत नाही. कारण तुम्ही विचारलेलं नाही.

माझी मागणी साधी आहे. आज जेवताना तिला विचारा, तुला कुठं जायचंय. ती पहिल्यांदा "कुठं न्हाई" म्हणेल, पुन्हा विचारा. जागा सांगेल तिथं तिला न्या. तिचं काम काय, निमित्त काय, असलं काही विचारू नका. तिथं पोचल्यावर ती पाण्यात जाईल, डोंगर चढेल, नाही तर नुसती मांडी घालून बसेल. तुम्ही सावली बघून बसा आणि तिच्या चपला राखा.

आणि कुत्र्यावर लक्ष ठेवा.